घरात कोणी नाही : मराठी नाटकातील वार्धक्य आणि श्रोत्याचा प्रश्न

'माथेरान' या नावाची 'माथ्यावरचे रान' अशी फोड सर्रास केली जाते. तिची भाषाशास्त्रीय चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मात्र वार्धक्याविषयीच्या आपल्या एका प्राचीन कल्पनेचा पडसाद या नावात ऐकू येतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाला वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे : अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाचे मूल पाहिले, की त्याने अरण्याचा आश्रय करावा, पत्नीला मुलांकडे सोपवावे किंवा बरोबर न्यावे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला. पुढे मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि एतद्देशीय धनिकांनी येथे बंगले बांधले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या उद्योगातून नेरळहून छोटी आगगाडी वर आली, आणि हे रान शहराच्या हवापालटाची जागा बनले. ही वानप्रस्थाची मोसमापुरती नक्कल होती. अरण्य तेच, फक्त परतीचे तिकीट खिशात.

मोसम संपला की माथेरानचे दुसरे रूप सुरू होते. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. बरीच हॉटेले आणि बंगले कुलपात जातात. खासगी मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे एरवीही मज्जाव आहे. त्यामुळे ज्याचे गुडघे साथ देत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसाला या लाल मातीच्या रस्त्यांवर दुसऱ्या माणसाच्या किंवा घोड्याच्या बळावरच हिंडावे लागे. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला. ती ओढणारा माणूसही म्हातारा होत असतो, हे त्यापूर्वी कोणाच्या फारसे ध्यानात आल्याचे दिसत नाही. अशा पावसात बंद बंगल्याच्या आवारात एक खोली मात्र उघडी असते : रखवालदाराची वा माळ्याची. आणि तरीही शहरातल्या मालकाला विचारले, की सध्या बंगल्यावर कोण आहे, तर उत्तर येते, "सध्या तिथे कोणी नाही."

मराठी साहित्यातील वार्धक्याचा, विशेषतः आपल्या नाटकातील वृद्धांच्या एकाकीपणाचा विचार या वाक्यापासून सुरू करावा असे मला वाटते. 'कोणी' या सर्वनामाची व्याप्ती कोण ठरवतो, हा व्याकरणाचा प्रश्न नाही.

या विषयाचे आपल्याकडील रूढ वाचन 'कृतघ्न अपत्ये' या सूत्राभोवती फिरत आले आहे. त्याला बळ दिले ते अर्थातच कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'ने. १९७० च्या डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि डॉ. श्रीराम लागूंनी आप्पासाहेब बेलवलकर उभा केला, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाला आपल्या वार्धक्याच्या भीतीसाठी एक चेहरा आणि एक आवाज मिळाला. सर्वस्व मुलांना देऊन टाकू नका, हा व्यवहारी धडा तर इतका पसरला की नाटक न पाहिलेली माणसेही तो सांगू लागली. २००७ साली केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयी कायदा केला. त्याचे तेविसावे कलम वाचताना आप्पासाहेबांची आठवण होऊ नये असा मराठी वाचक विरळा. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ नाकारला गेल्यास, फसवणुकीने घेतलेली मानली जावी आणि देणाऱ्याची इच्छा असल्यास तो व्यवहार न्यायाधिकरणाने रद्द ठरवावा, अशी ही तरतूद आहे. जणू नाटकाच्या आरंभी झालेली चूक सदतीस वर्षांनी विधिमंडळाच्या भाषेत दुरुस्त करण्यात आली.

परंतु हीच तरतूद साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने एक उपयुक्त प्रयोग करू देते. समजा, आप्पासाहेबांना घर परत मिळाले. (खरे तर मिळणार नाही; लिअरने घातली तशी अट त्यांनी दान देताना घातलेली नाही, आणि अटीवाचून हे कलम लंगडे पडते. पण समजा.) नाटक संपेल काय? माझ्या मते संपणार नाही. कारण घर गेले हा 'नटसम्राट'चा कथाभाग आहे. त्याची शोकात्मिका श्रोता जाण्याची आहे. नाटकाचा आरंभच सत्कार समारंभाने होतो. प्रेक्षागृहातले खरे प्रेक्षक त्या समारंभाचे काल्पनिक श्रोते होतात, आणि आप्पासाहेब त्यांच्याशी अखेरचे, पण पूर्ण अधिकाराने बोलतात. तेथून पुढे प्रत्येक टप्प्यावर त्यांचा श्रोतृवर्ग आक्रसत जातो. मुलाच्या घरी पहिला खटका उडतो तो पैशावरून नव्हे, नातीवरून. ठमीला आजोबा काय शिकवतात, तिच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, यावर घराचा आक्षेप आहे. म्हाताऱ्याला उरलेला एकुलता एक रसिक काढून घेतला जातो, आणि तोही भाषेच्या कारणाने. मुलीच्या घरी चोरीचा संशय येतो; तेथे तर बोलणाऱ्याच्या शब्दाला मोलच उरत नाही. कावेरी गेल्यावर संवादाची अखेरची जागा सरते. राहते ते स्वगत.

'नटसम्राट'मधील दीर्घ स्वगतांबद्दल दोन टोकांची मते आपण ऐकत आलो आहोत. त्यांचे काव्य डोक्यावर घेणारे एका बाजूला, त्यांच्या वक्तृत्वाला कंटाळणारे दुसऱ्या. दोन्ही पक्ष स्वगताकडे शैलीचा गुण वा दोष म्हणून पाहतात. ते या नाटकाच्या आशयाचे रूप आहे, हे नोंदले जात नाही. आयुष्यभर प्रेक्षकांना उद्देशून बोललेल्या माणसाजवळ दुसरी वाणीच नाही. आणि दिवाणखान्यात त्या वाणीला घेणारा कान नाही. वक्तृत्व आणि श्रोता यांच्या प्रमाणात झालेला हा बिघाड हेच त्याचे एकाकीपण. पुढे रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा भेटतो, तेव्हा आप्पासाहेबांना छप्पर मिळालेले नसते, हक्क मिळालेला नसतो, पण ऐकणारा मिळतो. रूढ वाचनात राजा हा 'गरिबांत माणुसकी असते' या भाबड्या विधानाचा पुरावा बनतो. तो त्याहून महत्त्वाचा आहे. नाटकाने स्वतःच आपल्या नायकाच्या दुखण्याचे केलेले निदान म्हणून त्याच्याकडे पाहिले पाहिजे.

येथे एक सैद्धांतिक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पीटर टाउनसेंड या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पूर्व लंडनमधील वृद्धांच्या कुटुंबजीवनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सामाजिक विलगता आणि एकाकीपणाची भावना या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या : माणसांचा संपर्क कमी असणे ही मोजता येणारी स्थिती, तर एकाकीपण हा अनुभव, आणि एकीवरून दुसऱ्याचे अनुमान नेहमी काढता येत नाही. मराठीला हा भेद नवा नाही. 'एकांत' आपण मागतो, 'एकटेपणा' आपल्या वाट्याला येतो, 'एकाकीपणा' आपल्याला ग्रासतो. वानप्रस्थाची कल्पना पहिल्या शब्दाच्या आधाराने उभी आहे. आपली नाटके तिसऱ्याविषयी आहेत. सिमोन द बोव्हारचा वार्धक्यावरील ग्रंथही योगायोगाने 'नटसम्राट'च्याच वर्षी, १९७० मध्ये, प्रकाशित झाला. आपले म्हातारपण आपल्याला इतरांच्या नजरेतून कळते, असे प्रतिपादन तिने त्यात केले आहे. मराठी नाटकाच्या संदर्भात त्यात एवढीच भर घालावी लागेल, की आपल्याकडे ते नजरेइतकेच कानातून कळते : ऐकणारा अर्ध्यावर उठून जातो तेव्हा.

जयवंत दळवींचे 'संध्याछाया' हे सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातले नाटक या दृष्टीने 'नटसम्राट'च्या पुढे जाते, असे माझे मत आहे. भाषेचे ऐश्वर्य, नायकाची उंची या बाबतीत ते पुढे नाही, आणि दळवींचा तो हेतूही नव्हता. पण त्यांनी प्रश्न शुद्ध केला. येथे कृतघ्न कोणी नाही. थोरला मुलगा अमेरिकेत आहे, धाकटा संरक्षणदलात. पत्रे येतात. कोणी कोणाचे घर बळकावलेले नाही. त्यामुळे २००७ च्या कायद्याला येथे हात घालायला जागाच सापडणार नाही. खलपुरुष काढून टाकल्यावर एकाकीपण उरते की नाही, हे जणू या नाटकाने तपासून पाहिले. ते उरते, आणि अधिक उघडे दिसते.

नाना आणि नानी दारात आलेल्या परक्या माणसाला धरून ठेवतात. चहा घ्या, बसा, कुठले तुम्ही, ही त्यांची भाषा. भाषेच्या ज्या व्यवहाराला मॅलिनोव्हस्कीने १९२३ मध्ये 'फॅटिक' ही संज्ञा दिली, आणि ज्याला रोमान याकोबसनने १९६० च्या प्रसिद्ध निबंधात भाषेच्या सहा कार्यांत स्थान दिले, त्या संपर्क टिकवण्यापुरत्या बोलण्याचे 'संध्याछाया' हे मराठीतील उत्तम उदाहरण होय. सामान्य व्यवहारात असे बोलणे हा संवादाचा उंबरठा असतो. 'पाऊस काय म्हणतो' असे विचारून माणसे मुद्द्याकडे वळतात. नाना-नानींना मुद्दाच नाही. उंबरठा हेच त्यांचे घर झाले आहे. म्हणून या नाटकातील अगदी साधी वाक्ये, ज्यांत सांगण्यासारखे काहीही नसते, प्रयोगात असह्य होतात. मनूने वानप्रस्थाला आणखी एक कर्तव्य सांगितले आहे : आश्रमात येईल त्याचा पाणी, कंदमुळे, फळे यांनी सत्कार करावा. अरण्यातही कोणी तरी दारी येईल हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. दळवींच्या दिवाणखान्यात हे गृहीत कृत्य उरले नाही. त्याची भूक झाली.

नाटकाचा शेवट मात्र मला पटत नाही. साठवलेल्या झोपेच्या गोळ्या घेऊन दोघे आयुष्य संपवतात. हा शेवट हेलावून सोडतो, आणि नेमकी तीच अडचण आहे. काहीही न घडणे हा या नाटकाचा विषय; त्याला अखेर एका 'घटने'त बंद करून प्रेक्षकाला मोकळे केले जाते. डोळे पुसून उठता येते. त्याच नाना-नानींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडून रस्त्याकडे पाहिले असते, तर उठणे अवघड गेले असते. शिवाय अशा शेवटामुळे वृद्धांच्या एकाकीपणातून मृत्यू हीच एक प्रतिष्ठित वाट निघते, असा चुकीचा बोध होतो. दळवींना तो अभिप्रेत असेल असे वाटत नाही. पण रचना लेखकाच्या हेतूपेक्षा अधिक बोलते.

याहून गंभीर आक्षेप आणखी एक आहे आणि तो एकट्या दळवींवर नाही. नाना-नानींच्या घरात म्हादू नावाचा नोकर आहे. 'नटसम्राट'मध्ये विठोबा आहे, आप्पासाहेबांचा जुना आणि निष्ठावंत. ही दोन्ही माणसे रोज घरात वावरतात, सारे ऐकतात, सारे जाणतात. त्यांच्यावर माया केली जाते. लेखकांनी त्यांना सहानुभूतीने रंगवले आहे. तरीही घरात 'कोणी नाही' ही या नाटकांची मूळ तक्रार त्यांच्या देखत केली जाते, आणि त्यात प्रेक्षकाला विसंगती जाणवत नाही. म्हादूचे ऐकणे हे ऐकणे म्हणून मोजले जात नाही. जो केवळ दारावर आला, ज्याचे नावही ठाऊक नाही, पण जो वर्गाने आपला आहे, त्याचे पाच मिनिटांचे ऐकणे मोजले जाते. मराठी नाटकातील वृद्धाचे एकाकीपण हे पोकळीचे वर्णन नाही. काही माणसांना माणसांच्या गणतीतून वगळल्यावर जी जागा रिकामी दिसते तिचे ते वर्णन आहे. माथेरानच्या बंगल्याचा मालक आणि आपले नाटककार येथे एकाच व्याकरणाने बोलतात. 'नटसम्राट'चा राजा अपवाद खरा. पण आप्पासाहेब त्या पंक्तीला येऊन बसतात ते घर सुटल्यावर. घर असेपर्यंत हे घडत नाही.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तील (१९८५) दादीचा येथे ओझरता का होईना उल्लेख केला पाहिजे. वाडा माणसांनी भरलेला आहे. विलगता म्हणावी अशी स्थितीच नाही. तरी अंथरुणावरची ही म्हातारी किती वाजले असे विचारत राहते आणि वारलेल्या मुलाला हाका मारते. वेळ विचारणे ही संपर्काची अखेरची, झिजून गुळगुळीत झालेली युक्ती. तिच्या प्रश्नाला दिलेले उत्तर तिला पुरत नाही, कारण तिने वेळ विचारलेलीच नसते. एलकुंचवारांनी येथे घटना घडवली नाही, स्वगत दिले नाही. एक वाक्य वारंवार येऊ दिले. वार्धक्याच्या एकाकीपणाला मराठी नाटकात सापडलेले हे सर्वांत काटकसरीचे रूप असावे.

पुन्हा माथेरानच्या पायथ्याकडे येतो. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने पुढे नेरळला, या डोंगराच्या सावलीत, ज्येष्ठांसाठी वसाहत उभारली. संस्थेच्या इतर कामांत वृद्धांसाठी दूरध्वनीवरची मदतवाहिनी आहे, आणि 'चाय मस्ती' या नावाने चालणारी, एकत्र बसून चहा पिण्याची आणि बोलण्याची केंद्रे आहेत. 'संध्याछाया'च्या वाचकाला हे नाव थबकवते. चहा घ्या, बसा : नानींची हाक संस्थेच्या कार्यक्रमात जाऊन बसली. यात उपहास मुळीच नाही. गोळ्यांपेक्षा हा शेवट कितीतरी बरा, आणि साहित्यिकांनी जेथे शोक केला तेथे कोणी तरी खुर्च्या मांडल्या, ही नोंद समीक्षेने घ्यावी. फेस्कॉमसारख्या महासंघाने १९८० पासून गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांतून हेच केले. पण वर्गाची मर्यादा येथेही सुटत नाही. निवृत्तांच्या वसाहतीत जाण्यासाठी निवृत्त व्हावे लागते. आणि निवृत्त होण्यासाठी आधी नोकरी असावी लागते. रिक्षा ओढणारा, घोडा धरणारा, बंगला राखणारा माणूस निवृत्त होत नाही, फक्त एक दिवस त्याच्याने होईनासे होते. त्याच्या वार्धक्याला 'सांजवेळ' हे रूपकही आपण देत नाही.

याचा अर्थ त्या वर्गाला एकाकीपण नाही, किंवा त्याने ते शब्दांत मांडले नाही, असा नव्हे. आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. माथेरान-कर्जतच्या पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग ओलांडली की मावळ आणि मुळशीचे डोंगर लागतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून तेथील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. तो संग्रह पुढे महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला. जात्यावरची ओवी हा आपल्या साहित्यातील एक विलक्षण संबोधनप्रकार आहे. पहाटे घर निजलेले असताना ती म्हटली जाते. मनात असतात भाऊ, लेक, आई, विठ्ठल. समोर असते जाते. बाई अनेकदा जात्यालाच उद्देशून गाते, त्याला देव म्हणते, त्याच्यापाशी मन उघडते. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागे ही कथाही याच जागेतून निर्माण झाली : ऐकणारा नाही तेथे ऐकणारा घडवण्याची ती रीत. आप्पासाहेबांच्या स्वगताला श्रोत्याचा अभाव जाळतो. ओवीने तो अभाव कामाच्या लयीत मुरवला आणि दगडाला कान दिले. दोन्ही एकाकीपणाचीच रूपे. एकामागे रंगमंच आणि टाळ्यांची सवय आहे, दुसऱ्यामागे कोणी ऐकेल ही अपेक्षाच कधी नव्हती.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि हे रूप बंद पडले. बायकांचे कष्ट वाचले, याबद्दल खेद करणे शुद्ध साहित्यिक लबाडी ठरेल. तरी एक गोष्ट नोंदली पाहिजे : त्या पिढीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांचा दळणाचा त्रास गेला तेव्हा त्यांचा श्रोताही गेला, आणि त्याबद्दल कोणी नाटक लिहिले नाही. जात्याची तळी अंगणात पालथी पडली. कुठे तिची पायरी झाली. ओव्या जमवणारे त्या घरांत गेले, तेव्हा बायकांनी ध्वनिमुद्रणयंत्रासमोर बसून गायले. येथे संबोधनाची दिशा बदलली, याकडे ओवीच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. आजवर दगडाला सांगितलेले आता एका जिवंत, अनोळखी, वही घेऊन बसलेल्या माणसाला सांगायचे होते. अशा ओवीला मूळ ओवीची प्रत म्हणायचे, की दारावर आलेल्या पाहुण्यासाठी नव्याने घडलेली संहिता? मला दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. नानींना जो पाहुणा फार वेळ थांबवता आला नाही, तो येथे दिवसभर थांबला होता, आणि पुढची ओवी म्हणा, असे म्हणत होता.